कस्टरचं हे चित्र दिवाणखान्यात लावावं का?

दूरदेशी

आमच्या शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला गेले. जाताना तळघरातली एक जुनी फ्रेम उचलून आमच्या दारात आणून ठेवली. म्हणाले, "तुला इतिहासाचं वेड आहे, तूच ठेव." काचेवरची धूळ पुसली तर आत कस्टर. अमेरिकेच्या पश्चिमेबद्दल थोडंफार वाचलेल्या प्रत्येकाने हे चित्र कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. मधोमध लांब केसांचा सेनानी, डोक्यावर उगारलेली तलवार, पायाशी मेलेले घोडे आणि सैनिक, चहूकडून घुसणारे योद्धे. खाली ॲनहॉयझर-बुश या बिअर कंपनीचं नाव आणि मूळ चित्र 7व्या घोडदळाला भेट दिल्याची ओळ.

ज्यांना प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 25 जून 1876, मोंटानातली लिटल बिगहॉर्न नदी. लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर 7व्या घोडदळाची विभागणी करून लकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या भल्यामोठ्या छावणीवर चालून गेला. त्याच्या हाताखालच्या पाच तुकड्यांतली सुमारे 210 माणसं त्याच दिवशी मारली गेली, एकही वाचला नाही. बातमी पूर्वेकडच्या शहरांत पोचली ती नेमकी स्वातंत्र्याची शंभरी साजरी होत असताना. तेव्हापासून 'कस्टरचा शेवटचा लढा' ही तिथली मोठी दंतकथा झाली.

बायको म्हणते, रंग सुंदर आहेत, सोफ्याच्या वर लावू. माझं मन होत नाही. हे चित्र खोटं आहे, आणि खोटेपणाचा फायदा कोणाला झाला तेही उघड आहे. कस्टरने मोहिमेआधी केस बारीक कापून घेतले होते. तलवारी तर पेट्यांत भरून मागे तळावर ठेवल्या होत्या, त्या दिवशी त्याच्या हातात तलवार असणं शक्यच नव्हतं. चित्रातल्या काही योद्ध्यांच्या हातात आफ्रिकेतल्या झुलूंच्या असतात तशा लांबट ढाली आहेत! मूळ चित्र कॅसिली ॲडम्सचं, 1880च्या दशकातलं. ते सेंट लुईसच्या एका गुत्त्यात लागलं होतं. गुत्ता बुडाला आणि चित्र बिअर कंपनीकडे आलं. ऑटो बेकरने त्यावरून 1896 साली शिळाछाप केला, आणि जाहिरात म्हणून तो देशभरातल्या गुत्त्यांत टांगला गेला. म्हणजे कित्येक पिढ्यांनी हा इतिहास बिअरचा घोट घेत घेत शिकला.

चित्रात जे नाही ते मला जास्त टोचतं. 1868च्या फोर्ट लॅरामी तहाने ब्लॅक हिल्सचे डोंगर लकोटांना कायमचे दिले होते. 1874 साली तिथे मोहीम घेऊन गेला तो हाच कस्टर. सोनं सापडल्याचा बोभाटा झाला, खाणवाल्यांच्या झुंडी घुसल्या. मग सरकारने फर्मान काढलं, 31 जानेवारी 1876 पर्यंत सगळ्यांनी एजन्सीवर, म्हणजे राखीव प्रदेशातल्या सरकारी कचेरीवर, हजर व्हा, नाहीतर शत्रू समजू. ऐन हिवाळ्यात, बर्फातून, बायकापोरांसह! 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने हे डोंगर योग्य मोबदला न देता घेतले हे मान्य करून दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. लकोटांनी आजतागायत त्या पैशाला हात लावलेला नाही. त्यांना डोंगर हवेत.

आणि त्या दिवसाची खरी चित्रं आहेत की! रेड हॉर्स नावाचा लकोटा योद्धा स्वतः त्या लढाईत होता. 1881 साली त्याने मोठमोठ्या कागदांवर रंगीत पेन्सिलींनी 42 चित्रं काढली. ती आज स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तो सांगतो, आपण चार बायकांबरोबर छावणीपासून थोड्या अंतरावर रानातले कंद खणत होतो, तेवढ्यात एकीला लांब धुळीचा लोट दिसला. लढाई अशी सुरू होते, हातात खणायची काठी असताना. लावायचंच तर रेड हॉर्सचं चित्र लावीन. कस्टर परत तळघरात. तुम्हाला काय वाटतं?

शाईपेन

दूरदेशी, पूर्ण असहमत. लावा. सोफ्याच्या वरच लावा.

तुम्ही चित्राला पंचनाम्याची कसोटी लावताय. केस किती लांब, तलवार होती की नव्हती, ढाली कुठल्या. या चुका सर्वज्ञात आहेत आणि त्या तशाच राहिल्या म्हणूनच हे चित्र मोलाचं आहे. 1876 ला काय झालं हे त्यातून कळत नाही, मान्य. पण 1896 च्या अमेरिकेला काय घडलं असावंसं वाटत होतं, ते याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसतं?

त्या वीस वर्षांत काय काय झालं बघा. 1890च्या जनगणनेने जाहीर केलं की वस्तीची सरहद्द म्हणून दाखवावी अशी रेघच आता नकाशावर उरली नाही. त्याच वर्षी 29 डिसेंबरला वुंडेड नीला लकोटांची कत्तल झाली, आणि ती करणारी पलटण पुन्हा 7वं घोडदळच होतं. 1893 साली शिकागोच्या जत्रेत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने सांगितलं की अमेरिकन माणूस या सरहद्दीनेच घडवला आणि आता ती संपली. त्याच उन्हाळ्यात जत्रेच्या कुंपणाला लागून पश्चिमेतल्या लढायांचे देखावे करणाऱ्या बफेलो बिलचे खेळ गर्दी खेचत होते. आपण जे संपवलं त्याचाच उमाळा येऊन रडणारा देश आहे हा. मारणाऱ्याने स्वतःला घेरला गेलेला, एकटा पडलेला असं रंगवून घेतलं. ही उलटापालट चित्रात तुमच्या डोळ्यांसमोर घडते. ते तळघरात टाकलंत तर पुरावाच लपवाल.

शिवाय दंतकथा एका बाजूला आणि खरं दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी तेव्हाही नव्हती. कस्टर पडल्यावर तीन आठवड्यांनी, 17 जुलैला, वॉरबॉनेट ओढ्याकाठी बफेलो बिल कोडीने यलो हेअर या शायेन योद्ध्याला मारलं. त्या सकाळी त्याच्या अंगावर रंगमंचावरचा पोशाख होता, काळी मखमल आणि त्यावर लाल पट्ट्या. पुढे तोच पोशाख घालून त्याने तो प्रसंग नाटकात केला. आता यात इतिहास कुठे संपला आणि खेळ कुठे सुरू झाला, सांगा. 1885 साली तर लकोटांचा पुढारी खुद्द सिटिंग बुल त्याच्या खेळात चार महिने हिंडला.

चित्रकारांना सरसकट झोडपू नका ही आणखी एक विनंती. चार्ल्स रसेल सोळाव्या वर्षी मोंटानात आला, रात्ररात्र गुरं राखली आणि मग चित्रकार झाला. त्याने 1903 साली याच लढाईचं चित्र काढलं. त्यात पुढे, अगदी आपल्या अंगावर येणारे, घोड्यांवरचे योद्धे आहेत आणि सैनिक लांब धुरळ्यात. गोऱ्या चित्रकाराला बाजू बदलून बघता येत होतं.

नकाशावाला

मी या दोघांच्या मध्ये पडत नाही, फक्त जमिनीतून काय निघालं ते सांगतो. हा माझा आवडता विषय आहे.

ऑगस्ट 1983 मध्ये त्या रणभूमीच्या माळावर वणवा लागला आणि गवत जळून जमीन उघडी पडली. 1984 आणि 85 साली पुरातत्त्ववाल्यांनी धातुशोधक यंत्रं घेऊन माळ पट्ट्यापट्ट्याने पिंजून काढला. वस्तू सापडली की तिथे छोटं निशाण रोवायचं, जागा मोजून नोंदवायची, मगच उचलायची. काडतुसांच्या पुंगळ्या मिळाल्या त्यांवर बंदुकीच्या फायरिंग पिनचा ठसा असतो. हा ठसा दर बंदुकीचा वेगळा, माणसाच्या अंगठ्यासारखा. म्हणजे एकाच बंदुकीच्या पुंगळ्या आधी या टेकाडावर आणि मग त्या घळीत मिळाल्या तर ती बंदूक कुठून कुठे गेली ते नकाशावर आखता येतं. शंभरावर वर्षांनी एका माणसाची वाट!

यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टरसारख्या एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या बऱ्याच रायफली होत्या, तर सैनिकांकडे दर गोळीला पुन्हा भरावी लागणारी स्प्रिंगफील्ड. धनुष्यबाणवाल्या जमावापुढे आधुनिक फौज, हे चित्रातलं गणित तिथेच उलटतं. दुसरी, रिचर्ड फॉक्स या अभ्यासकाच्या मते कस्टर पडला त्या टेकडीवर शेवटपर्यंत शिस्तीत लढल्याच्या खुणा फारशा नाहीत. फळी मोडली, माणसं घाबरून एकमेकांजवळ गोळा झाली आणि संपली. रेड हॉर्सने 1881 सालीच सांगितलं होतं की सैनिक बंदुका टाकून, हात वर करून, आम्हाला कैद करा म्हणत होते. शंभर वर्षं त्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

पण दूरदेशी, इथे जरा थांबा. फॉक्सचं म्हणणं सगळ्यांना मान्य नाही. त्या टेकडीवरून लोकांनी वर्षानुवर्षं आठवण म्हणून वस्तू उचलून नेल्या आहेत. सगळ्यात जास्त पाय तिथेच पडले. तिथे पुंगळ्या कमी मिळाल्या यावरून तिथे गोळ्या कमी झाडल्या, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

खडूफळा

मी सांगलीकडे शाळेत शिकवतो, त्या टेकडीवर कधी जाईन असं वाटत नाही. पण या विषयाशी माझी चाळीस वर्षांची ओळख आहे. लहानपणी वाचनालयातून काऊबॉयच्या पातळ कादंबऱ्या भाड्याने आणायचो, कोपरे दुमडलेल्या, मागच्या पानावर आधीच्या वाचकांच्या सह्या. 'रेड इंडियन' हा शब्द तेव्हा बिनदिक्कत वापरायचो, आज वर्गात वापरत नाही. पुढे खरं वाचलं. गुरं हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन किती होते, रोडिओ आणि रँच हे शब्दच मुळात स्पॅनिश. ॲरिझोनातल्या टूमस्टोनमध्ये गावात बंदूक बाळगायलाच बंदी होती, आणि 26 ऑक्टोबर 1881 ची ती प्रसिद्ध चकमक जेमतेम अर्धा मिनिट चालली, तीही ओके कोरल या घोड्यांच्या आवाराच्या आत नाही, जवळच्या मोकळ्या जागेत. पण हे सगळं मी वाचलं ते त्या खोट्या कादंबऱ्यांची गोडी लागली होती म्हणून.

म्हणून शाईपेन यांच्याशी सहमत, आणि थोडं पुढे जाऊन म्हणतो, दंतकथा नसती तर ती जागाच उरली नसती. कस्टरची बायको लिबी त्याच्यानंतर 57 वर्षं जगली, 1933 पर्यंत. तिने तीन पुस्तकं लिहिली, भाषणं दिली, स्मारकांसाठी धडपडली. तिच्या हयातीत कस्टरवर उघड टीका करायला भलेभले कचरले. तो हट्ट होता, आंधळाही असेल. पण त्या आणि तसल्या हट्टांमुळे माळ राखला गेला, म्हणून तर नकाशावाला म्हणतात त्या पुंगळ्या आज सापडल्या. नाहीतर तिथे नांगर फिरला असता.

दूरदेशी

खडूफळा सर, माळ राखला हे खरं. पण कोणासाठी राखला?

गेल्या वर्षी आम्ही तिथे गेलो होतो. टेकडीच्या उतारावर पांढरे संगमरवरी दगड उभे आहेत, सैनिक जिथे पडले त्या त्या जागी, 1890 साली बसवलेले. गवतात कुठे एकटा, कुठे दोन लागून, वर टेकडीवर दाटीवाटीने. कस्टरच्या दगडाचा दर्शनी भाग काळा, म्हणून तो लांबूनही ओळखू येतो. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. बराच वेळ पांढरे दगड बघत चालल्यावर एक तांबड्या ग्रॅनाइटचा दगड आला. शायेन योद्ध्याचा. आपलं घर राखताना इथे पडला, असं त्यावर कोरलंय. हे तांबडे दगड बसायला सुरुवात झाली 1999 साली. एका बाजूचे दगड 1890, दुसऱ्या बाजूचे 1999! मधली 109 वर्षं ही दंतकथेची किंमत आहे. जागेचं नावच 1991 पर्यंत 'कस्टर रणभूमी' होतं. हरलेल्या सेनापतीचं नाव. लिटल बिगहॉर्न हे नाव द्यायला अमेरिकेच्या संसदेला कायदा करावा लागला.

आणखी एक सांगतो. कस्टरबरोबर मारल्या गेलेल्या कॅप्टन किओचा कोमँची नावाचा घोडा जखमी अवस्थेत सापडला. 'रणभूमीवरचा एकमेव वाचलेला' म्हणून तो प्रसिद्ध झाला. पलटणीने त्याला मानाने सांभाळला, मेल्यावर पेंढा भरला, आज तो कॅन्ससमध्ये विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेआड उभा आहे. एकमेव वाचलेला! त्या दिवशी नदीकाठी हजारो माणसं वाचली होती. बायका, म्हातारे, पोरं, योद्धे. कितीतरी जण पुढे पन्नास वर्षं जगले, कोणी विचारलं तर सांगत होते. घोडा मोजला आणि ती माणसं मोजली नाहीत. शाईपेन, तुम्ही म्हणता चित्र हा पुरावा आहे. असेल. पण पुरावा सोफ्याच्या वर लावत नाहीत. पाहुणे चहा पिताना बघतील ते शौर्याचं चित्र म्हणूनच बघतील, मी दरवेळी उठून 1868चा तह सांगत बसू का?

शाईपेन

सांगा की! मी सांगतो. माझ्याकडे कोणी आलं आणि भिंतीकडे बघितलं की मी सुरू होतो, घरच्यांना सवय झाली आहे.

बरं, तुमच्या रेड हॉर्सबद्दल बोलू. मलाही ती चित्रं फार आवडतात. मेलेले घोडे ओळीने पडलेले, लाल, निळे, पिवळे, आणि सगळ्यांना जखमा. पण तुम्ही त्यांना 'खरी' म्हणून एवढे निश्चिंत झालात ते मला पटत नाही. ती 1881 साली एजन्सीवर काढली गेली, मॅकचेस्नी या लष्करी डॉक्टरने मागितली म्हणून. हरलेला माणूस, जिंकणाऱ्यांचा कागद, जिंकणाऱ्यांच्या पेन्सिली. त्याने काय काढायचं टाळलं असेल, याचा विचार तुम्ही केलात का? त्याचे सैनिकही जवळजवळ एकसारखे आहेत. ते तुम्हाला खटकत नाही आणि बेकरच्या ढाली खटकतात.

किकिंग बेअर या लकोटा योद्ध्याचंही तसंच. तोही त्या लढाईत होता. 1898च्या सुमारास त्याने मलमलीवर जे मोठं चित्र काढलं ते फ्रेडरिक रेमिंग्टनच्या सांगण्यावरून. काऊबॉयचे पुतळे घडवणारा, दंतकथेचा सगळ्यात मोठा कारागीर तो रेमिंग्टन! मागणारा हा आणि काढणारा तो. मग ते चित्र कुठल्या खणात ठेवाल?

सांजवात

नमस्कार, सहसा नुसती वाचते, आज राहवलं नाही. मी बिलिंग्जला राहते, गाडीने तासाभरात त्या टेकडीवर पोचते. इथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन गेले आहे.

दूरदेशी दादा, तुम्ही सगळं लकोटा आणि सैन्य अशा दोनच बाजूंनी लिहिलंत म्हणून हे लिहिते. ती टेकडी आज क्रो लोकांच्या राखीव प्रदेशाच्या मधोमध आहे. 1851च्या तहात हे खोरं क्रोंचंच होतं. लकोटा पूर्वेकडून रेटत आले आणि क्रोंच्या शिकारीच्या जमिनी घेत गेले. म्हणून सहा क्रो तरुण कस्टरच्या मोहिमेत वाटाडे होते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक क्रो बाई आहेत, त्यांना मी एकदा भाबडेपणाने विचारलं, तुमचे लोक गोऱ्यांच्या बाजूने कसे? त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही आमच्या बाजूने होतो." पुढे मला काही बोलता आलं नाही.

त्या सहांपैकी व्हाइट स्वान हा कस्टरच्या हाताखालच्या मेजर रेनोच्या तुकडीबरोबर लढला आणि जबर जखमी झाला, हातापायाला कायमचं अधूपण आलं. पुढे त्यानेही चित्रं काढली, कापडावर, स्वतःच्या लढायांची. त्यात लिटल बिगहॉर्नही आहे. त्याच्या चित्रात शत्रू लकोटा आहेत. 1904 साली तो गेला आणि त्याच माळावरच्या लष्करी दफनभूमीत त्याला पुरलं. दादा, 'खरं चित्र' लावायचं म्हणता ना, मग व्हाइट स्वानचं का नाही? ते तर लढलेल्या माणसाचंच आहे.

आणि शाईपेन, 2003 साली टेकडीसमोर उभं राहिलेलं स्मारक तुम्ही पाहिलं नसेल तर जरूर बघा. मातीचा गोल बांध, आतल्या भिंतींवर सगळ्या जमातींची नावं, क्रो आणि अरिकारा वाटाड्यांचीही. एका बाजूला घोडेस्वार आहेत, नुसत्या धातूच्या सळ्या वाकवून केलेले. जुन्या वह्यांतल्या चित्रांची रेघ उचलून उभी केल्यासारखे. आत काही भरलेलं नाही, आरपार आभाळ दिसतं. संध्याकाळी गेलात तर रेघा काळ्या आणि मागे सगळं तांबूस. पांढऱ्या दगडांकडे तोंड करून बांधात एक फट ठेवली आहे, पलीकडच्या मेलेल्यांनाही आत येता यावं म्हणून.

दूरदेशी

सांजवात ताई, व्हाइट स्वान माझ्या वाचनातून सुटला होता. दोन दिवस त्याचीच चित्रं शोधून बघतोय. तुम्ही म्हणता ते खरं आहे, लकोटांची बाजू घेताना मी क्रोंना गाळलं. खंत वाटली, आणि ती इथे लिहायला हवी.

शाईपेन, कागद कोणाचा आणि पेन्सिल कोणाची हा तुमचा मुद्दाही मानतो. तरी रेड हॉर्स आणि बेकर मी एका तराजूत घालणार नाही. एकाने मेलेले मित्र काढले, दुसऱ्याने कधी न पाहिलेली माणसं गिऱ्हाइकांसाठी काढली. दिवाणखान्यात कस्टर लागणार नाही, हे ठरलं. बायकोशीही बोलणं झालं. फ्रेम तूर्त तळघरात जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

शाईपेन

तळघरात ठेवू नका हो! जुना कागद आहे, ओल लागली की बुरशीचे डाग पडतात आणि मग ते जात नाहीत. मूळ ॲडम्सचं चित्र 1946 साली टेक्सासच्या फोर्ट ब्लिसला आगीत जळालं, आता जे आहेत ते हे छापच. आधी मागचा पुठ्ठा काढून बघा. तपकिरी झाला असेल तर आम्लाने कागद खात असणार, तो बदलून घ्या. चित्र काचेला चिकटलेलं असेल तर मात्र स्वतः ओढू नका. उन्हात नको, जिन्याखाली नको. वरच्या मजल्यावर एखादं कोरडं कपाट असेल तर त्यात ठेवा, आणि पुठ्ठा काढलात की मागे काही लिहिलंय का, तेवढं इथे कळवा.